‘वाटतं’ला इंग्रजीत कोणती वाट?

पुण्यातल्या एका कंपनीच्या मुलाखतीत मी एकदा मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, ‘आय अ‍ॅम अंडर द इम्प्रेशन दॅट युवर कंपनी इज व्हेरी गुड.’ समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, छाप पडली. नोकरी काही मिळाली नाही. ते का हसले हे कळायला मध्ये दोन वर्षं गेली. तुमची कंपनी चांगली आहे असा आपला माझा एक समज आहे, खरं-खोटं देव जाणे, असं मी त्यांना तोंडावर सांगून आलो होतो.

माझं गाव पारोळ्याच्या अलीकडे. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी पाचवीपासून. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्याच्या आधीच्या पिढीतला मी. आता जळगावात संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेतो. यावल, रावेर, चोपडा, एरंडोल अशी चहूकडून पोरं येतात. काळ त्यांना बऱ्यापैकी येतात, शब्दही बरेच माहीत असतात. गाडी अडते ती ‘वाटतं’पाशी. काहीही वाटलं की ‘आय थिंक’, आणि जरा भारदस्त बोलायचं असलं की ‘इम्प्रेशन’. मी केलं तेच.

त्यांना तरी काय दोष द्यायचा? आपलं ‘वाटतं’ फार कामाचं आहे. भीती वाटते, लाज वाटते, बरं वाटतं, चहा प्यावासा वाटतो, पाऊस येईलसं वाटतं. पेढे आणि मिरचीही वाटतात, पण ती वाटणी वेगळी, तिला इथे हात लावत नाही. इंग्रजीत मात्र या एकाच दुकानातला माल दहा दुकानांत विभागलेला आहे. कुठल्या दुकानात जायचं हे ठरवायला शब्दकोश फारसा उपयोगी पडत नाही. आपली मराठीच पडते. कशी, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी पहिली: आधी मराठी वाक्य नीट ऐका

इंग्रजी शोधण्याआधी स्वतःचं मराठी वाक्य मनात पूर्ण म्हणा. ही पाच वाक्यं बघा:

मला वाटतं, पाऊस येईल.
पाऊस येणारसं दिसतंय.
पाऊस येणार म्हणे.
पाऊस आला वाटतं!
पाऊस येईल असा माझा समज होता.

यातला फरक कपाशी लावणाऱ्या कुठल्याही माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जूनमध्ये ‘येणार म्हणे’ असं म्हणणारा बियाण्याचं पाकीट फोडत नाही. ‘येणारसं दिसतंय’ म्हणणारा निदान ते बाहेर काढून ठेवतो. आणि ‘समज होता’ म्हणणाऱ्याला दुबार पेरणी करावी लागलेली असते. म्हणजे भेद आपल्याकडे आहेतच. अहिराणीतसुद्धा ‘माले वाटस’ वेगळं आणि वाक्याच्या शेपटीला लावलेलं ‘पानी उना वाटस’ वेगळं. आपण घरात हे अचूक वापरतो आणि इंग्रजी बोलताना सगळं विसरून ‘आय थिंक’च्या एकाच गोणीत भरतो.

आता जोड्या लावू. पहिलं वाक्य म्हणजे तुमचं मत: ‘आय थिंक इट विल रेन.’ दुसरं, आभाळ बघून केलेला अंदाज: ‘इट लुक्स लाइक रेन.’ तिसरं, दुसऱ्याकडून आलेली खबर: ‘इट्स गोइंग टु रेन, अपॅरंटली.’ पाचवं, चुकलेला समज: ‘आय वॉज अंडर द इम्प्रेशन दॅट इट वुड रेन.’

चौथं राहिलं. ‘पाऊस आला वाटतं!’ याचं इंग्रजी मी विचारलं की वर्ग गप्प होतो, कारण याला एक उत्तर नाही. पाऊस आला हे तुम्हाला कशावरून कळलं? पत्र्यावर टपटप ऐकू आली असेल तर ‘इट साउंड्स लाइक इट्स रेनिंग.’ खिडकीतून लोक पळताना दिसले तर ‘इट लुक्स लाइक इट्स रेनिंग.’ मातीचा वास आला तर ‘इट स्मेल्स लाइक रेन.’ मराठी वाक्यात ‘कशावरून’ हे न सांगता चालतं. इंग्रजीला ते सांगावं लागतं. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून ‘वाटतं’ म्हणण्याआधी स्वतःला एकच शब्द विचारायची सवय लावा: कशावरून?

पायरी दुसरी: डोळा, कान, नाक

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे एखादा जाणता माणूस घोडा कसा बघतो ते आठवा. आधी लांबून उभा राहून बघतो, मग चालवून टापा ऐकतो, मग मानेवरून हात फिरवतो. तिन्ही वेळा तो मराठीत ‘चांगला वाटतोय’ म्हणेल. इंग्रजीत डोळ्याला ‘लुक’, कानाला ‘साउंड’ आणि हाताला ‘फील’.

रचना तीनच आहेत, पण माझ्या वर्गातल्या निम्म्या चुका इथेच होतात.

गुण सांगायचा असेल तर क्रियापदाला थेट विशेषण जोडा: ‘द हॉर्स लुक्स स्ट्राँग.’ मध्ये ‘लाइक’ नाही. ‘ही लुक्स लाइक टायर्ड’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता स्वप्नातही दुरुस्त करत असेन. दमलेला दिसतो, म्हणजे ‘ही लुक्स टायर्ड’, विषय संपला.

कशासारखं तरी दिसतं म्हणायचं असेल, म्हणजे पुढे नाम येणार असेल, तर ‘लाइक’ हवं, आणि त्या नामाला बहुतेक वेळा ‘अ’ हवा: ‘ही लुक्स लाइक अ टीचर.’ तो ‘अ’ गिळू नका.

पुढे अख्खं वाक्य येणार असेल तर ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज इफ’: ‘इट लुक्स लाइक द शॉप इज क्लोज्ड.’ बोलताना ‘लाइक’ सर्रास चालतं. अर्जात, परीक्षेच्या पेपरात ‘अ‍ॅज इफ’ लिहिलेलं बरं. ‘अ‍ॅज इफ’ म्हणजे आपलं ‘जणू’. ‘ही टॉक्स अ‍ॅज इफ ही ओन्ड द बँक’, जणू बँक याच्या बापाचीच. वर्तमानातली गोष्ट असूनही तिथे भूतकाळी ‘ओन्ड’ आलं, कारण बँक त्याची नाही हे बोलणाऱ्याला पक्कं माहीत आहे.

फोनवर मात्र डोळ्याचा शब्द नको. आई फोनवर ‘दमलेला वाटतोस रे’ म्हणते, ते ‘यू साउंड टायर्ड’. कॉल सेंटरची मुलाखत देणाऱ्यांनी हे एवढं एक वाक्य घोटून ठेवावं. दिवसभर तोच कान, तोच फोन.

बाकी नाक आणि कातडी यांत अवघड काही नाही. हिवाळ्यात नंदुरबारला मिरचीच्या पथारींजवळून जाताना नाकाला झोंबतं ते ‘स्मेल्स’. चोपड्याजवळच्या उनपदेवच्या झऱ्याखाली हात धरला की ‘द वॉटर फील्स वॉर्म’.

एक सांगून ठेवतो. ‘आय फील’ आणि ‘आय फील लाइक’ यांत गल्लत करू नका. ‘आय फील लाइक हॅविंग टी’ म्हणजे चहा प्यावासा वाटतोय. मराठीतल्या ‘-वासा वाटणे’ची ती तंतोतंत जोडी.

पायरी तिसरी: ‘सीम’, आणि टाय घातलेला ‘अपिअर’

घोड्याकडे परत जाऊ. डोळ्याला तरणाबांड दिसतोय, पण दात पाहिले, मालकाची घाई पाहिली, किंमत पटकन उतरली हे पाहिलं. आता मनात हिशेब होऊन जे ‘वाटतं’, ते ‘सीम’. ‘द हॉर्स लुक्स यंग, बट इट सीम्स ओल्ड.’ ‘लुक’ डोळ्यापाशी थांबतो, ‘सीम’ डोक्यापर्यंत जातो. मराठीत जिथे ‘एकंदरीत’ हा शब्द बेमालूम बसतो तिथे बहुधा ‘सीम’ बसतं.

वापरायच्या तऱ्हा: ‘ही सीम्स हॅपी’, ‘ही सीम्स टु नो यू’, ‘इट सीम्स दॅट द ऑफिस इज क्लोज्ड’. गोष्ट होऊन गेली असेल तर ‘ही सीम्स टु हॅव लेफ्ट’, म्हणजे गेलेला दिसतोय. आणि ‘इट इज सीमिंग’ असं कधीही म्हणू नका. आपल्याला ‘वाटतंय’मधला तो ‘-तंय’ इंग्रजीतही ओढून न्यायची हौस असते. ‘सीम’ त्याला जागा देत नाही. ‘आय अ‍ॅम थिंकिंग दॅट यू आर राइट’चंही तेच. मत सांगायचं तर साधं ‘आय थिंक’.

जिथे खात्री आहे तिथे ‘सीम’ची शेपूट लावू नका. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर, पारा ४५ अंशांवर असताना, ‘इट सीम्स हॉट’ म्हणणाऱ्याला ऊन लागलंय असं लोक समजतील. तिथे ‘इट इज हॉट’, बास. उलट दुसऱ्याची चूक दाखवायची असते तेव्हा खात्री असूनही ‘सीम’ वापरतात. ‘देअर इज अ मिस्टेक इन द बिल’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस भांडायला तयार होतो. ‘देअर सीम्स टु बी अ मिस्टेक इन द बिल’ म्हटलं की तो चष्मा लावून बिल बघतो. आपणही ‘काहीतरी चूक झालेली दिसते’ असंच म्हणतो की नाही?

‘अपिअर’ हा ‘सीम’चाच भाऊ, फक्त टाय घालून आलेला. वर्तमानपत्रात, अहवालात, वकिलाच्या नोटिशीत तो शोभतो. भरीत पार्टीत ‘द ब्रिंजल अपिअर्स टु बी रोस्टेड’ म्हणालात तर लोक जागा करून देतील, पण तुमच्या शेजारी कोणी बसणार नाही.

आणि ‘अपॅरंटली’. या शब्दाने भल्याभल्यांना फसवलंय. ‘अपॅरंट’ म्हणजे उघड, असं शाळेत पाठ केलेलं असतं. म्हणून ‘अपॅरंटली’चा अर्थ ‘उघडच आहे की’ असा लावतात. बोलण्यात तो तसा नसतो. बोलण्यात तो म्हणजे आपलं ‘म्हणे’. पावसाळ्यात कोणीतरी येऊन सांगतं, ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले म्हणे.’ तो स्वतः धरणावर गेलेला नाही, कोणाकडून तरी ऐकलंय, जबाबदारी घेत नाही. तेच ‘दे हॅव ओपन्ड ऑल द गेट्स, अपॅरंटली.’ जिथे ‘म्हणे’ लावाल तिथे ‘अपॅरंटली’ लावून बघा, दहातल्या आठ वेळा बसेल. ‘उघडच आहे’ला शब्द वेगळा: ‘ऑब्व्हियसली’.

पायरी चौथी: इम्प्रेशनची चार भावंडं

आता माझ्या दुखऱ्या जागेवर येतो. ‘इम्प्रेशन’ एकच, पण त्याच्या आधी कुठलं क्रियापद येतं त्यावर सगळा अर्थ फिरतो. ‘गेट’, ‘हॅव’, ‘बी अंडर’ आणि ‘गिव्ह’.

‘आय गेट द इम्प्रेशन दॅट…’ याला मराठीत माझ्या मते सर्वांत जवळचा शब्द ‘रागरंग’ आहे. समजा, तुम्ही रावेरचे केळी उत्पादक आहात. दिल्लीकडच्या व्यापाऱ्याशी फोन चाललाय. तो भाव सांगत नाही, दोनदा ‘कल बात करते हैं’ म्हणाला, शेजारच्या बागेच्या मालाची चौकशी करतोय. घ्यायचं नाही असं तो एकदाही म्हणालेला नाही. पण रागरंग बघून तुम्हाला कळतंय. ‘आय गेट द इम्प्रेशन दॅट ही डझन्ट वॉन्ट टु बाय.’ बारीकसारीक खुणा जमत जाऊन मत तयार होतंय, आणि त्या खुणा समोरून येताहेत. गोष्ट काल घडली असेल तर ‘आय गॉट द इम्प्रेशन’.

‘आय हॅव द इम्प्रेशन दॅट…’ हे मत आधीच मनात येऊन बसलेलं आहे. कुठून आलं, कधी आलं, याचा हिशेब नाही. ‘आय हॅव द इम्प्रेशन दॅट फार्मर्स हिअर प्रिफर ड्रिप.’ जिल्ह्यात फिरून, ऐकून, बघून झालेली एक ढोबळ कल्पना. ‘गेट’ आणि ‘हॅव’ची अदलाबदल झाली तर आभाळ कोसळत नाही, समोरच्याला कळतं. पण दोन्हींच्या जागी ‘अंडर’ आलं की कोसळतं.

कारण ‘आय वॉज अंडर द इम्प्रेशन दॅट…’ म्हणजे ‘माझा समज होता’. मराठीत ‘समज होता’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो. इंग्रजीतही तेच. सुरत-भुसावळ मार्गावरच्या एखाद्या गाडीत बसून अमळनेर मागे गेल्यावर टीसीला म्हणायचं वाक्य हे: ‘आय वॉज अंडर द इम्प्रेशन दॅट धिस ट्रेन स्टॉप्ड अ‍ॅट अमळनेर.’ गाडी थांबली नाही, हे वेगळं सांगावंच लागत नाही. ‘अंडर’मध्येच ते आलं.

वर्तमानकाळात ‘आय अ‍ॅम अंडर द इम्प्रेशन’ म्हणता येतं, पण त्यात ‘चुकत असेन तर सांगा’ हा सूर असतो. ‘आय अ‍ॅम अंडर द इम्प्रेशन दॅट द फी इज रिफंडेबल’, म्हणजे फी परत मिळते असा माझा समज आहे, बरोबर ना? चौकशीला हे वाक्य उत्तम. स्तुतीला अजिबात नाही. मी ते स्तुतीला वापरलं होतं.

तक्रारीत मात्र याच्याइतकं कामाचं वाक्य दुसरं नाही. हॉटेलात नाश्त्याचे पैसे वेगळे लावले. ‘यू सेड ब्रेकफास्ट वॉज फ्री’ म्हटलं की तुम्ही त्याला खोटारडा ठरवलंत. ‘आय वॉज अंडर द इम्प्रेशन दॅट ब्रेकफास्ट वॉज इन्क्लूडेड’ म्हटलं की वरवर चूक तुम्ही स्वतःकडे घेतलीत, आणि तो समज करून कोणी दिला हा प्रश्न त्याच्या टेबलावर अलगद ठेवलात. सरकारी-निमसरकारी पत्रांत याचाच एक जाड भाऊ भेटतो: ‘आय वॉज गिव्हन टु अंडरस्टँड दॅट…’, म्हणजे मला असं सांगण्यात आलं होतं. तिथे बोट सरळ समोरच्याकडे असतं.

चौथं, ‘गिव्ह द इम्प्रेशन’. हे ‘भासवणे’च्या जवळचं. ‘ही गिव्ह्ज द इम्प्रेशन दॅट ही इज बिझी’, कामात आहे असं दाखवतो. खरंच असेलही, पण बोलणाऱ्याला शंका आहे. आणि ‘गैरसमज करून घेऊ नका’ याला ‘डोन्ट गेट द राँग इम्प्रेशन’.

आता त्या ‘द’ची गोष्ट. पुढे ‘दॅट’ लावून अख्खी गोष्ट सांगणार असाल तर बहुतेक ‘द इम्प्रेशन’. नुसता चांगला, वाईट असा गुण लावायचा असेल तर ‘अ गुड इम्प्रेशन’. ‘अंडर इम्प्रेशन’ असं भुंडं कधीच नाही.

आणि पुरावाच नसेल तर? खूण नाही, आवाज नाही, रागरंगही ठीक आहे, तरी आत काहीतरी टोचतंय. मराठीत म्हणतो, मनात शंकेची पाल चुकचुकली. तिथे इम्प्रेशनला हात लावू नका. तिथे ‘आय हॅव अ फीलिंग दॅट समथिंग इज राँग’. ‘फीलिंग’ला कशावरून म्हणून कोणी विचारत नाही. इम्प्रेशनला विचारतात, आणि तुमच्याकडे उत्तर असावं लागतं.

पायरी पाचवी: माणूस कसा वाटला, गाव कसं वाटलं

अजिंठ्याची लेणी आमच्या जिल्ह्यात नाहीत, पण जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहेत. त्यामुळे कितीतरी परदेशी पाहुणे जळगाव स्टेशनलाच उतरतात. वर्गातला एक मुलगा सुट्टीत गाडी चालवायचा. परतीच्या वाटेवर एका पाहुण्याने त्याला विचारलं, ‘हाऊ डू यू फाइंड द समर हिअर?’ हा बुचकळ्यात पडला. उन्हाळा शोधायचा कसा? म्हणाला, ‘सर, समर इज एव्हरीव्हेअर.’ उत्तर खरं तर फार सुंदर आहे, पण प्रश्न वेगळा होता. ‘हाऊ डू यू फाइंड’ म्हणजे ‘कसा वाटतो?’

हा ‘फाइंड’ स्वतः अनुभव घेतल्यावरचा. ‘आय फाउंड द टीचर स्ट्रिक्ट’ असं म्हणायला सरांच्या वर्गात बसलेलं असावं लागतं. नुसतं लांबून बघून म्हणायचं तर ‘ही लुक्स स्ट्रिक्ट’. पाहुण्याला तुम्ही ‘हाऊ डिड यू फाइंड द केव्ह्ज?’ विचारू शकता. तो ‘ब्यूटिफुल’ म्हणेल. हाच प्रश्न जॉन स्मिथला विचारला असता तर त्याने शिकारीची गोष्ट सांगितली असती. १८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या त्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी खरोखरच सापडली होती, आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपलं नावही कोरून ठेवलंय. छाप पाडायची ही पद्धत मात्र उचलू नका.

‘हाऊ’चा विषय निघालाच आहे तर, ‘हाऊ इज इट लाइक?’ हे वाक्य मोडीत काढा. एकतर ‘हाऊ इज इट?’ किंवा ‘व्हॉट इज इट लाइक?’ दोन वाक्यांचं लग्न लावून देऊ नका.

पहिल्या भेटीतल्या माणसाबद्दल दोन चांगल्या रचना आहेत. ‘ही स्ट्राइक्स मी अ‍ॅज ऑनेस्ट’ म्हणजे पाहताक्षणी, बोलताक्षणी मला तो प्रामाणिक वाटला. इथे भर माझ्या मनावर. ‘ही केम अक्रॉस अ‍ॅज अ‍ॅरोगंट’ म्हणजे बोलण्या-वागण्यातून तो गर्विष्ठ वाटला. इथे भर त्याच्या वागण्यावर, आणि तो मुळात तसा नसेलही ही फट ठेवलेली. मुलाखत घेणारे आपसात याच भाषेत बोलतात. त्यामुळे ‘डिड आय कम अक्रॉस अ‍ॅज नर्व्हस?’ असं नंतर एखाद्या ओळखीच्याला विचारायला शिका. ‘मी घाबरलेलो वाटलो का?’चं हे नेमकं इंग्रजी आहे. दोन्ही रचनांतला ‘अ‍ॅज’ सोडू नका.

पायरी सहावी: छाप पाडताना

‘इम्प्रेशन’चं मूळ लॅटिनमध्ये, दाबून उमटवणे या अर्थाचं. आपला ‘ठसा’ आणि ‘छाप’ही अर्थाने त्याच कुळातले. म्हणून ‘उमटवणे’ला इंग्रजीत ‘मेक’: ‘शी मेड अ गुड इम्प्रेशन ऑन देम’. ज्यांच्यावर छाप पडली त्यांच्याआधी ‘ऑन’. ‘पुट इम्प्रेशन’ नाही, ‘थ्रो इम्प्रेशन’ नाही. आपल्याकडे पोरं ‘इम्प्रेशन मारतात’, ते इंग्रजीत मारता येत नाही.

‘ऑन’ऐवजी ‘ऑफ’ आलं आणि क्रियापद ‘डू’ असलं तर भलतंच होतं. ‘ही डिड अ‍ॅन इम्प्रेशन ऑफ द मॅनेजर’ म्हणजे त्याने मॅनेजरची नक्कल करून दाखवली. गॅदरिंगला ठीक आहे, अर्जात लिहू नका.

‘इम्प्रेस्ड’ होतो तो बघणारा, ‘इम्प्रेसिव्ह’ असते ती गोष्ट. ‘आय अ‍ॅम व्हेरी इम्प्रेसिव्ह बाय युवर कंपनी’ असं एक मुलगी सरावाच्या मुलाखतीत म्हणाली. मी मुलाखत घेणारा झालो होतो, मला हसू आवरेना. मग पुण्यातले ते तिघे आठवले आणि आवरलं.

सोनोग्राफीच्या कागदावरचं ‘इम्प्रेशन’

ही पायरी नव्हे, पण दर दोन-तीन महिन्यांनी वर्गात कोणीतरी मोबाइलवर रिपोर्टचा फोटो दाखवतं, म्हणून लिहितो. सोनोग्राफी, एमआरआयच्या रिपोर्टच्या शेवटी ‘इम्प्रेशन’ असं लिहून एक-दोन ओळी असतात. तिथे त्याचा अर्थ ‘समज’ नव्हे आणि ‘छाप’ तर नव्हेच. वर जे जे दिसलं त्यावरून तपासणाऱ्या डॉक्टरांनी काढलेलं मत, असा तो अर्थ. खाली ‘सजेस्टिव्ह ऑफ’ असेल तर ‘कडे बोट दाखवतं’, म्हणजे खूण आहे, शिक्कामोर्तब नाही. बाकी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, इंग्रजीच्या मास्तराला नाही.

सराव कसा करायचा

वही घ्या. दिवसभरात स्वतःच्या तोंडून मराठीत किंवा अहिराणीत जितक्यांदा ‘वाटतं’ निघेल त्यातली फक्त तीन वाक्यं रात्री लिहा. प्रत्येकापुढे ‘कशावरून?’चं उत्तर मराठीत लिहा: डोळा, कान, ऐकीव, रागरंग, समज, पाल. मगच इंग्रजी. सुरुवातीला हे फार रटाळ वाटतं. पंधरा-वीस दिवसांत उत्तर आपोआप आधी यायला लागतं. मित्रांबरोबर करायचं असेल तर एकाने मराठी वाक्य टाकायचं आणि दुसऱ्याने इंग्रजी न सांगता फक्त ‘कान’ किंवा ‘समज’ एवढंच म्हणायचं. माझ्या वर्गात हा खेळ इंग्रजीपेक्षा जोरात चालतो.

थोडी वाक्यं इथेच करून बघू.

‘बस गेली वाटतं.’ स्टँडवर कोणी नाही, फलाट रिकामा. डोळा. ‘लुक्स लाइक द बस हॅज लेफ्ट.’

‘मामा येणार नाहीत, मला नाही वाटत.’ मत. ‘आय डोन्ट थिंक मामा विल कम.’ नकार ‘थिंक’ला लावा. मराठीतही आपण ‘नाही वाटत’ असंच म्हणतो, फक्त इंग्रजीत ‘येणार नाहीत’मधला नकार गाळायचा.

‘कापसाचा भाव वाढणार म्हणे.’ ऐकीव. ‘कॉटन प्रायसेस आर गोइंग अप, अपॅरंटली.’

‘साहेब खूश दिसले नाहीत.’ इथे दोन उत्तरं बरोबर आहेत. चेहरा बघून म्हणत असाल तर ‘ही डिडन्ट लुक हॅपी’. फाइल परत आली, फोन उचलला नाही, अशा खुणांवरून म्हणत असाल तर ‘आय गॉट द इम्प्रेशन दॅट ही वॉझन्ट हॅपी’.

शेवटचं वाक्य उलट दिशेने देतो. थंडीच्या दिवसांत शेतात भरीत पार्टी आहे. बामणोदची वांगी काटक्यांवर भाजून, लाकडी बडजीत ठेचून भरीत केलंय. सोबत पुऱ्या आणि कळण्याची भाकरी. मुंबईहून आलेला पाहुणा दोन घास खातो आणि हसून म्हणतो, ‘आय वॉज अंडर द इम्प्रेशन दॅट खान्देशी भरीत वॉज स्पायसी.’

वर्गात नव्याने आलेली पोरं याचं भाषांतर करतात, ‘खान्देशी भरीत तिखट असतं असं त्यांना वाटलं’, आणि खूश होतात. चौथी पायरी नीट वाचलेल्याने खूश होऊ नये. पाहुणा भरिताला नावं ठेवतोय. मिरच्या वाढवा.